बाल्कनी राहू दे, मधली खोली घ्या

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

एम्प्रेस जहाजावरच्या तुमच्या मुंबई-गोवा-लक्षद्वीप सफरीसाठी एजंटाने पाठवलेले खोल्यांचे तिन्ही दर बघितले. इंटीरियर म्हणजे बिनखिडकीची आतली खोली, ओशन व्ह्यू म्हणजे समुद्राकडे खिडकी असलेली, आणि बाल्कनीवाला स्वीट म्हणजे मोठी, महागडी खोली. आई म्हणणार, झोपण्यापुरतीच तर खोली, सगळ्यात स्वस्त घेऊ. बाबांना बाल्कनीचा मोह पडला असणार. मला विचाराल तर दोन्ही नको. खिडकीची साधी खोली घ्या, पण ती जहाजाच्या मधोमध, खालच्या अंगाच्या मजल्यावर आणि लिफ्टपासून चार-सहा दारांवर हवी. एजंट खोलीचा प्रकार विकतो. तुम्ही आधी जागा बघा आणि मग प्रकार.

आईला आंबा घाटात गाडी लागते, म्हणून पहिली काळजी बोट लागण्याची. जहाज दोन तऱ्हेने हलतं. एक म्हणजे पुढचं टोक वर, मागचं खाली, असं उलटसुलट. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेला वर-खाली होतो, मधल्या दांड्याजवळचा जवळजवळ जागेवर असतो, तसंच. दुसरं म्हणजे डावी-उजवीकडे डुलणं, आणि ते उंचीबरोबर वाढतं. माडाचा शेंडा डुलतो तेव्हा बुंधा हलत नाही. म्हणजे लांबीत मध्यावर आणि उंचीत खाली, तिथे सगळ्यात कमी हालचाल. महागडे स्वीट बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात, काही तर अगदी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. जास्त पैसे मोजून आईला जास्त हलणारी खोली कशाला घ्यायची?

जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते डुलणं कमी करतात, पण पुढचं-मागचं वर-खाली होणं त्यांना फारसं थांबवता येत नाही. शिवाय जहाज चालू असेल तरच त्यांचा उपयोग. लक्षद्वीपला जहाज नांगरून उभं असताना पंख कामाचे नसतात, म्हणून तिथे थांबलेलं असूनही थोडं हलल्यासारखं वाटेल. घाबरू नका.

खिडकीचा आग्रह धरतेय त्याचं कारणही हेच. कान सांगतो हलतंय आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते, या भांडणातून मळमळ सुरू होते. क्षितिज दिसलं की डोळ्यांचं आणि कानाचं जमतं. इंटीरियर खोलीला खिडकीच नसते. दिवा बंद केला की दुपारी बारालाही मध्यरात्रीसारखा काळोख. दोन रात्रींची सफर असती तर मी तीच घ्या म्हटलं असतं, पैसेही वाचले असते. तुमच्या पाच रात्री आहेत आणि बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्या काळोखात दिशेचा अंदाज चुकतो, पहाट झालेली कळत नाही, झोपेचं आणि सकाळच्या गोळीचं वेळापत्रक बिघडतं.

जहाजाबद्दल थोडं. एम्प्रेस १९९० साली फ्रान्समध्ये बांधलं गेलं, तेव्हा त्याचं नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं. मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी ते खास आखलं होतं. छोट्या सफरीत माणूस खोलीत फार बसत नाही, म्हणून खोल्या लहान ठेवल्या. लांबी सुमारे २११ मीटर, खोल्या आठशेच्या आसपास, आणि बाल्कनी मोजक्या स्वीटना. हल्लीच्या नव्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा असतात, ते चित्र डोळ्यांसमोर ठेवू नका. इथल्या साध्या खोलीत दोन बिछाने, मध्ये चालायला वाट, एक टेबल, कपाट आणि बाथरूम, संपलं. मोठ्या ताठ बॅगांऐवजी कापडी बॅगा न्या. रिकाम्या झाल्या की पलंगाखाली सरकतात.

बाबा, बाथरूमचं नीट वाचा. दारात साधारण चार ते सहा इंचांचा उंबरठा असतो. जहाज कललं तर बाथरूमचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून. उंबरठ्याची आपल्याला सवय आहे, पण घरातला उंबरठा हलत नसतो. रात्री उठलात की आधी पलंगावर मिनिटभर बसा, चप्पल घाला, चौकट धरा, मग पाय उचला. बॅटरीवर चालणारा, चाहूल लागली की पेटणारा छोटा दिवा मिळतो. मागे लोहचुंबक असलेला घ्या. जहाजाच्या खोल्यांच्या भिंती पत्र्याच्या असतात, चुंबक चिकटतो. दिवा चौकटीला जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा, म्हणजे उजेड उंबरठ्यावर पडेल, डोळ्यांवर नाही. आंघोळीची जागा जेमतेम अडीच फूट बाय अडीच फूट आणि बहुधा प्लॅस्टिकचा पडदा, तो ओला झाला की अंगाला चिकटतो. आत बसायला स्टूल लागेल, ते बुकिंग करतानाच मागून ठेवा. पडदा हा आधार नाही, हात नेहमी भिंतीच्या दांड्यावर. जेट स्प्रे असेलच असं धरू नका, प्लॅस्टिकचा छोटा मग बॅगेत टाका. संडास हवेच्या ओढीने साफ होतो, झाकण लावून मगच बटण दाबा. आवाज मोठा येतो, दचकायला होतं.

व्हीलचेअरसाठीच्या काही खोल्या असतात. त्यांना रुंद दार, उंबरठा नाही, बाथरूम मोकळं. एजंट म्हणेल ती करून देतो. बाबा काठीशिवाय चालतात, तेव्हा ती मागू नका. अशा खोल्या बोटांवर मोजण्याएवढ्या असतात आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दुसरी कुठलीच चालत नाही.

पलंगाचंही आधीच सांगायचं. दोन एकेरी पलंग जोडून डबल करता येतात. जोडले की मध्ये फट राहते, आणि खोली अरुंद असली तर एक बाजू भिंतीला टेकते. मग आतल्याला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. तुम्ही दोन वेगळे पलंग सांगा, बाबांचा बाथरूमच्या बाजूचा. बुकिंगवर लिहून घ्या आणि चढल्यावर खोलीची व्यवस्था बघणाऱ्या स्ट्युअर्डला पुन्हा सांगा, कारण हा निरोप वाटेत हमखास हरवतो. मावशीला तिसरी म्हणून त्याच खोलीत घेऊ असं आई फोनवर म्हणत होती. स्वस्त पडतं हे खरं, पण तिसरा बिछाना भिंतीतून खाली उघडणारा, वरचा असतो. शिडीने चढायचं आणि रात्री शिडीनेच उतरायचं. मावशीला तिथे चढवू नका. तिला यायचं असेल तर तिची खोली वेगळी, शेजारची किंवा समोरची.

आता नकाशा. कंपनीच्या साइटवर प्रत्येक मजल्याचा डेक प्लॅन असतो. निमुळतं टोक म्हणजे पुढचा भाग. खोलीच्या नंबरातला सुरुवातीचा आकडा मजल्याचा. एजंट जो नंबर देईल तो आधी मजल्यावर शोधा, मग त्याच जागेच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा मजला बघा. वर खोल्या आणि खाली खोल्या असतील तर डोळे मिटून घ्या. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा खरखराट थेट डोक्यावर. खाली नाचाचा हॉल किंवा थिएटर असेल तर उशिरापर्यंत ढोल. भटारखाना असेल तर रात्रभर ट्रॉल्या. नकाशावर खोल्यांच्या मधे काही पांढरे, नाव नसलेले चौकोन दिसतील. ते रिकामे नसतात. तिथे कर्मचाऱ्यांची कोठारं, त्यांचे जिने, चादरींच्या ट्रॉल्या असतात आणि दारं दिवसभर आपटतात. त्यांना लागून असलेली खोली नको.

पुढच्या टोकाची, अगदी खालची खोली तर नकोच. धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवायला पुढे पाण्याखाली पंखे असतात, त्यांची घरघर तिथे पलंगापर्यंत पोचते. लक्षद्वीपला नांगर टाकतात तेव्हा साखळी सुटल्याचा आवाज सकाळी सकाळी त्याच खोल्यांना. मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्यांचा कंप जाणवतो, टेबलावरचा पेला किणकिणतो. मधली जागा घ्यायला हे आणखी एक कारण. आणि बाबांचा गुडघा धरला तर चालणंही निम्म्यावर येतं. टोकाच्या खोलीतून मध्यापर्यंत येणं म्हणजेच जवळपास शंभर मीटर, दिवसातून सहा-आठ वेळा. लिफ्टला अगदी चिकटून मात्र नको, बोलत उभी असलेली माणसं आणि घंटा ऐकू येत राहते. चार-सहा दारं पुरे. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, जिनाच. तेव्हा जीवरक्षक बोटींच्या मजल्यापासून एक-दोन मजल्यांत असणं बरं.

शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेल्या जोडखोल्या असतात, नकाशावर दोन खोल्यांमध्ये बारीक खूण केलेली असते. त्या दारातून शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो. शेजारी मावशीच असेल तर घ्या, नाहीतर नाही.

खिडकीच्या खोलीतही एक खोच आहे. काही मजल्यांवर खिडकीसमोरच जीवरक्षक बोट टांगलेली असते. त्या खोल्या 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणून थोड्या स्वस्त विकतात. उजेड येतो, पण समोर बोटीचं पोट. आईला क्षितिज हवंय, तेव्हा स्पष्ट विचारा, खिडकीतून पाणी दिसतं का बोट. सगळ्यात खालच्या मजल्यावर गोल, लहान खिडक्या असतात आणि समुद्र फार खवळला तर त्या आतून झाकतात. त्याच्यावरचा मजला उत्तम. खिडकी उघडत नाही, हवा हवी असेल तर डेकवर जायचं.

'गॅरंटी' नावाचा दर दिला तर हो म्हणू नका. त्यात फक्त प्रकाराची हमी, नंबर कंपनी नंतर ठरवते, आणि कुणी निवडत नाही त्याच खोल्या शेवटी उरतात. फुकट अपग्रेडही नको असं बुकिंगवर लिहायला सांगा. अपग्रेड म्हणजे बरेचदा वरचा मजला, आणि आपण तर मुद्दाम खाली मागतोय.

डावी बाजू की उजवी, हा प्रश्न बाबा विचारणारच. मुंबई बंदरातून बाहेर पडताना कुलाब्याचे दिवे उजव्या हाताला दिसतात. गोव्याकडे आणि पुढे लक्षद्वीपला जाताना तोंड दक्षिणेला, म्हणून सूर्यास्त उजवीकडे. परतीला तो डावीकडे जातो. कोकण किनारा बहुतेक लांबून आणि रात्रीच जातो. म्हणून बाजूसाठी चांगली जागा सोडू नका, सूर्यास्त डेकवरून बघा.

लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगरतं आणि छोट्या बोटीतून बेटावर नेतात. वर-खाली होणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो, दोन खलाशी दंड धरतात. लाट मोठी असेल तर बाबांनी त्या दिवशी खोलीत थांबावं. खिडकीची खोली असली की असा दिवस सुखाचा जातो. वाऱ्या-लाटांचा विचार करता डिसेंबर ते फेब्रुवारी घ्या. मे महिन्याच्या उत्तरार्धात पावसाळ्याआधीच्या लाटा सुरू होतात.

औषधं हातातल्या पिशवीत. धक्क्यावर दिलेल्या बॅगा खोलीत यायला काही तास लागतात, संध्याकाळही होते. बाबांचं इन्सुलिन खोलीतल्या लहान फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका, त्यातले बरेच नुसते पेयं गार करणारे असतात. फ्रिज आहे का, नसेल तर जहाजाच्या दवाखान्यात ठेवता येईल का, हे लेखी विचारा. किटली आणि इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने काढून घेतात. आईच्या पहाटेच्या चहासाठी थर्मास न्या आणि रात्री बुफेतून भरून ठेवा. प्लग कुठल्या पिनेचे आणि पलंगाजवळ आहेत का तेही विचारा.

एजंटाला आजच सांगा: ओशन व्ह्यूच्या, मधल्या, खालच्या मजल्यांवरच्या तीन खोल्यांचे नंबर दे. पोर्ट चार्ज, जीएसटी आणि टिप धरून दोघांचा एकूण आकडा कागदावर दे. ते नंबर मला पाठवा, मी प्रत्येकाच्या वर आणि खाली काय आहे ते बघून रात्री फोन करते. तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.

तुमची,
धाकटी