डिपॉझिट गेलं, पण बाबा…

27 नोव्हेंबर 2024

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

शनिवारी माझ्या विधानसभा निवडणुकीचा निकाल लागला तेव्हापासून बाबा फोनवर 'जेवलीस का' एवढंच विचारतात आणि फोन आईकडे देतात. डिपॉझिट गेल्याचं त्यांना लागलंय. बोलायला गेले की माझाही गळा दाटतो, म्हणून लिहिते.

बाबा, डिपॉझिट वाचायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. विधानसभेला आमच्यासारख्या छोट्या पक्षाला पहिल्या खेपेला तेवढी पडणार नाहीत, हे 10,000 रुपये भरतानाच मला ठाऊक होतं. पैसे माझ्या कमाईचे होते, त्यांचं दुःख नाही. पारावर कुणीतरी तुम्हाला 'पोरीला आवरायचं होतं' म्हणालं, ते मात्र जिव्हारी लागलं.

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवून चालत नाही. त्यात 'अवलंबित' असा एक रकाना आहे. स्वतःची मिळकत नसलेले आईवडीलही त्यात येतात. वकिलांनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, बाबांना पेन्शन आहे, आईचं शिवण अजून चालू आहे. त्यांनी 'लागू नाही' लिहिलं आणि मला भरून आलं.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर नाव सुचवून सही करणारा एक सूचक पुरतो, आम्हाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. नऊ सह्या झाल्या आणि दहावा माणूस ऐन वेळी फोन उचलेना. शेवटी आपल्या शेजारच्या काकू हातातलं पीठ धुऊन तशाच गाडीत बसल्या. घरी कुणाला विचारलंसुद्धा नाही. आई, त्यांना एकदा जेवायला बोलव.

आणि चिन्ह. कुठल्या पक्षासाठी राखीव नसलेल्या मुक्त चिन्हांतली तीन पसंतीक्रमाने लिहून द्यायची असतात. मी सगळ्यात वर शिलाई मशीन लिहिलं, तुझ्यासाठी. तेच मिळालं.

मोजणीच्या टेबलाशी आमचा प्रतिनिधी बूथवार आकडे टिपत होता. आपल्या बूथवर मला 47 मतं. तुमची दोन सोडली तर 45. भावकी कुठे होती ते आपल्याला माहीत आहे. मग ही 45 माणसं कोण? मला वाटतं, चिखलातून डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या ज्या बायकांशी मी शेताकडच्या पांदण रस्त्याबद्दल बोलले, त्यांच्यातली बरीच असतील. त्यांनी नात्यागोत्याकडे न बघता मत दिलं. तो रस्ता मी सोडणार नाही.

बाबा, एक काम आहे. निकालापासून 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. मर्यादा 40 लाखांची, आपला खर्च 1 लाख 86 हजार, पण पावत्या सगळ्या पिशवीत कोंबलेल्या आहेत. तुमच्यासारखी खतावणी मला जमत नाही. रविवारी पिशवी घेऊन येते. चष्मा पुसून ठेवा.

तुमची,
ताई