ईआरपीवाल्या अक्कांना थँक्यू, & आणि अँडसाठी

अक्का, तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण थँक्यू म्हणायचं राहिलेलं म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

बेळगावच्या उद्यमबागला आमच्या कंपनीत तुम्ही ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बघायला आलेल्या, माझ्या पायथनचा तुमच्याशी काही संबंध नव्हता. फौंड्रीतली कास्टिंगची शीट पांडासमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) घेऊन वजन > 40 आणि रिजेक्ट == 0 असे लॉट तेवढे काढायचे होते, बास एवढंच काम. दोन अटींच्या मधे अँड (and) लिहिला की 'ट्रुथ व्हॅल्यू अँबिग्युअस', म्हणजे खरं की खोटं ते ठरेना, म्हणून एरर, नेटवर बघून & घातलं तरी परत तोच एरर, आता बोला! तुम्ही दोन्ही अटींना कंस घालायला सांगितलंसा नि चाललं की ओ. पण खानापूरची बस सुटायची वेळ झाली तरी बसून ते का चाललं ते पण सांगितलंसा, खरं थँक्यू त्याचं. & हा तुलनेच्या आधी चिकटतो, म्हणजे पायथन पहिल्यांदा 40 & रिजेक्ट करून बसतो, मग दोन्हीकडच्या तुलनांची साखळी होते आणि त्या साखळीत आतून अँडच असतो, म्हणून तोच एरर. एकाही व्हिडिओत हे कुणी बोललं नव्हतं.

आणि चलनाच्या पाठीमागं मांडलेलं ते गणित. बायनरीत, म्हणजे नुसत्या 0 नि 1 मध्ये, 4 म्हणजे 100, 2 म्हणजे 010, एकाखाली एक लिहिले की कुठल्याच घरात दोन्हीकडं 1 येत नाही, म्हणून बिटवाइज (घराघरानं बघणारं) 4 & 2 शून्य, इफमध्ये खोटं. लॉजिकल अँड केला तर शून्य सोडून सगळे आकडे खरे, म्हणून शेवटचा 2 येतो, म्हणजे खरं. आकडे तेच आणि निकाल उलटा!

अँड डावीकडं खोटं दिसलं की उजवीकडं ढुंकून बघत नाही, म्हणून पीस != 0 आधी लिहून पुढं भागाकार केलेला चालतो, तिथं & असता तर दोन्ही बाजू काढून झिरो डिव्हिजनवर आपटला असता. पण अख्ख्या कॉलमचं एकच खरं-खोटं कसं ठरवणार, तिथं ओळीओळीला & च पाहिजे. नॉटचं पण तसंच, त्याचं बिटवाइज चिन्ह ~, ~ट्रू केलं की -2, आणि इफ -2 ला पण खरंच धरतो, काय म्हणावं. पायथन 3.12 पासून निदान वॉर्निंग तरी येते.

^ (एक्सॉर) तेवढं राहिलंय अक्का. परत आलासा की चहा माझ्याकडं, आणि जरा आधीच्या बसनं या.