संगणकाच्या घड्याळाचे दुखणे मुळापासून शोधून देणाऱ्या आप्पांस आभारपत्र

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार.

पावसाळ्यात आमच्या घरच्या संगणकाचे घड्याळ पुन्हा पुन्हा चुकू लागले, तेव्हा आपण स्वतःहून घरी येऊन ते ठीक करून दिलेत, याबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानते. आपण दाखवलेली तपासणीची रीत खानापूर तालुक्यातल्या आणि बेळगाव शहरातल्या आणखी कितीतरी घरांच्या उपयोगाची आहे, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे.

आमच्या भागात पाऊस लागला की वीज रात्र रात्र नसते. ती आल्यावर संगणक सुरू करावा, तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असे. बँकेचे पान उघडायला गेले की ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी सूचना समोर येई. आमच्या स्त्रीशक्ती संघाचे, म्हणजे बायकांच्या बचतगटाचे, हिशेब मी याच संगणकावर ठेवते. चुकीच्या तारखेखाली जतन झालेली खतावणी पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीहूनही जुनी दिसे, आणि बायकांनी भरलेले हप्ते नेमके कोणत्या प्रतीत चढवले आहेत, हे दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून ओळीला ओळ लावल्याशिवाय कळत नसे. दुसऱ्यांच्या कष्टाच्या पैशाबाबत अशी शंका राहणे मला फार लागत होते. त्यातच शहरातल्या एका दुकानात मदरबोर्ड, म्हणजे संगणकाच्या आतली मुख्य पाटी, बदलावा लागेल असे सांगितले गेले, आणि तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

आपण आल्यावर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोनच गोष्टी विचारल्यात: घड्याळ किती मागे पडते, आणि कशानंतर मागे पडते. त्या दोन प्रश्नांतूनच हे एक दुखणे नसून दोन आहेत, असे उघड झाले. वीज गेल्यानंतर तारीख वर्षांनी मागे जात होती. पण त्याच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली आहेत; मुलीने लिनक्स वापरल्यानंतर विंडोज लावले, तर वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसत होती.

पहिल्याचे कारण आपण माझ्या डोळ्यांदेखत काढून दाखवलेत. प्लग उपसून, पेटीचा धातूचा भाग हाताने धरून, मदरबोर्डवरची बारीक क्लिप नखाने दाबताच रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल वर आला. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ नावाचा हा सेल ३ व्होल्टचा; व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरचा काटा त्याच्या बराच खाली थांबला. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर बंद संगणकाच्या घड्याळालाही पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते, म्हणून सेल संपल्याचे एरवी लक्षात येत नाही आणि रात्रभर वीज गेली की मात्र घड्याळ पार कोलमडते, हे आपले स्पष्टीकरण ऐकल्यावर हा त्रास ऐन पावसातच का वाढतो, याचा उलगडा झाला. बँकेच्या पानाचे कोडेही त्याबरोबरच सुटले: संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते केव्हापासून केव्हापर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते, आणि आपला संगणक मागच्या वर्षांत वावरत असेल तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही, असे त्याला वाटते.

सेल बदलल्यावरही इंटरनेटवरून वेळ जुळेना, तेव्हा आपण घाई केली नाहीत. घरगुती विंडोजमधील वेळेची सेवा १५ तासांहून अधिक फरक आपोआप दुरुस्त करायला सहसा नकार देते, म्हणून आधी तारीख आणि वेळ हाताने जवळपास बरोबर लावायची आणि मगच ‘आता सिंक करा’ (इंटरनेटवरून वेळ जुळवून घे) म्हणायचे, हा क्रम आपण शिकवलात. माझ्या मते साऱ्या भेटीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, कारण इथपर्यंत येऊन माणसे मशीनच बिघडले असे समजतात.

साडेपाच तासांचा हिशेब त्याहून सोपा निघाला. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे; लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. घरात बाकी सगळे विंडोजच वापरतात, हे पाहून आपण लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला लावलेत. आपल्या देशात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत नसल्याने त्यात अडचण येत नाही, असेही सांगितलेत. आता बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर भिंतीवरच्या घड्याळाचीच वेळ दिसते, त्यामुळे मला स्वतःला पडताळून पाहता येते.

मुलीने विचारले म्हणून आपण आणखी थोडे बसलात. घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि त्यात दशलक्षात २० भागांचा फरक असला तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास चूक साचते. म्हणून सेल नवा असला तरी वेळ बाहेरून जुळवून घ्यावीच लागते, हे आपण कागदावर मांडून दाखवलेत. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या आधारे देशाची वेळ राखते आणि तिच्या सर्व्हरवरून घरच्या संगणकालाही वेळ घेता येते, हे ऐकून मुलीला फार नवल वाटले. शेजारच्या ताई कन्नड बोलणाऱ्या. त्यांच्यासाठी आपण तेच सारे कन्नडमधून पुन्हा सांगितलेत, याचेही मी आवर्जून आभार मानते.

आपण सेलच्या किमतीखेरीज काही घेतले नाहीत. आपण सांगितलेला क्रम मी मराठीत टाइप करून संघातल्या ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना दिला आहे, आणि त्याची एक प्रत या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. त्यात कुठे काही राहिले असल्यास कृपया दुरुस्त करून कळवावे. नव्या प्रती त्याप्रमाणेच काढीन. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक संघसदस्या