जीएसटी नंबर चुकला तर सॉफ्टवेअर गप्प का?

संपादक महोदय,

मी सांगलीत एका होलसेल दुकानाचे हिशेब बघते. मागच्या महिन्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन, ताई तुमचं बिल आमच्या 2बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदी-बिलांच्या यादीत) दिसतच नाही, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कसं घेऊ? बघितलं तर काउंटरवरच्या मुलाने जीएसटी नंबरात शून्याच्या जागी ओ टाकलेला, सॉफ्टवेअरने तो निमूट सेव्ह केला आणि रिटर्न भरताना पोर्टलने बिल नाकारलं ते घाईत तसंच राहून गेलं. अहो, या नंबराला 15 अक्षरं असतात, पहिले 2 आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30, मग 10 अक्षरी पॅन, आणि शेवटचं अक्षर आधीच्या 14 वरून गणित करून काढलेलं, म्हणजे एक अक्षर चुकलं तरी तिथल्या तिथे पकडता येतं. मग पकडत का नाही?

पण म्हणून सॉफ्टवेअरमधले सगळेच रकाने कंपल्सरी करू नका. ईमेल नसलेल्या गिऱ्हाइकासाठी मुलं काहीतरी खोटं टाकून पुढे जातात, तो कचरा कायमचा राहतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी नंबर तपासायचे हे नियम आधीच चालू करून द्यावेत आणि कुठलं अक्षर चुकलं ते मराठीत सांगावं, नुसतं लाल अक्षरात इनव्हॅलिड दाखवून त्या पोराला काय कळणार.

एक अकाउंटंट, सांगली