सव्वा महिन्याच्या बाळाची झोप

प्रिय मेघा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचून जीव कळवळला. ‘बाळ झोपतच नाही गं, माझंच दूध कमी पडतंय का?’ हे आधी मनातून काढून टाक. वजन छान वाढतंय, दुपटी भराभर ओली होताहेत, म्हणजे दूध पुरतंय.

तू दिलेल्या वेळांची मी बेरीज केली. रात्री दीड-दोन तासांचे तुकडे, सकाळी न्हाऊ-माखू घातल्यावर तीन तासांची गाढ झोप आणि दिवसभरातल्या डुलक्या मिळून पंधरा तास सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी १४ ते १७ तास सांगितलेत, तेही दिवसरात्र मिळून. त्याची झोप पुरी होतेय, मेघा. अपुरी पडतेय ती तुझी.

एवढंसं पोट, दर दोन-तीन तासांनी भूक लागणारच. शिवाय रात्र कुठली आणि दिवस कुठला, हे कळायला त्याला दोन-तीन महिने लागतील. तोवर दिवसा पडदे उघडे ठेव, घरातले आवाज होऊ देत. रात्री मात्र दिवा मंद ठेव, पाजताना बोलू-खेळवू नकोस.

आणखी एक. झोपेत त्याची बुबुळं पापण्यांखाली फिरतात, ओठ हलतात, मधेच हसतो, कण्हतो, हातपाय झाडतो. सटवाई हसवते म्हणतात ना, तेच. या वयात जवळजवळ निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते. आपल्याला वाटतं उठला, म्हणून आपण उचलतो आणि तो खरंच जागा होतो. त्याने कण्हलं की क्षणभर थांब. खरंच भूक असेल तर तो मुठी चोखेल, तोंड वळवून शोधेल.

काकूंनी मोहरीची उशी शिवलीय, डोकं गोल व्हावं म्हणून. त्यांच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण ती उशी त्याच्या डोक्याखाली नको. झोपवायचं ते उताणं, सपाट, घट्ट गादीवर. आजूबाजूला मऊ लोड, जाड गोधडी काही नको. उताणं झोपवण्याचा प्रचार सुरू झाल्यावर अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. गुटीत उगाळलेलं जायफळही बंद कर. त्याने येते ती गुंगी, झोप नव्हे, आणि इतक्या लहान जिवाला ती बाधू शकते. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. काकू ऐकत नसतील तर डॉक्टरांकडे त्यांना सोबत घेऊन जा, त्यांच्या तोंडून ऐकलेलं पटेल.

आता तुझं. रात्री नऊला पाजलंस की सरळ दुसऱ्या खोलीत जाऊन झोप. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, थोपटणं बाकीच्यांनी करावं. अमोल शनिवार-रविवारी येतो ना? मग ते दोन दिवस हे सगळं त्याच्याकडे. भेटायला येणाऱ्यांना दुपारी ‘नको’ म्हणायला काकूंना सांग. तू मनाने खचल्यासारखी वाटलीस, तर तेही डॉक्टरांशी बोल, अंगावर काढू नकोस.

आणि बाळ प्यायलाही उठेना, मलूल वाटलं किंवा अंगात १००.४ ताप दिसला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

पुढच्या आठवड्यात मी येतेय. डिंकाचे लाडू आणते, आणि दुपारभर बाळ माझ्याकडे. तू फक्त झोपायचं.

तुझीच,
सुनीता