माझ्या हाताला येतं ते तुमच्या कागदावर कुठे लिहू? : युरोपियन कमिशनच्या उपाध्यक्षांना खुले पत्र

मा. रोक्साना मिन्झातू,
कार्यकारी उपाध्यक्ष, युरोपियन कमिशन, ब्रुसेल्स

सप्रेम नमस्कार.

युरोपियन युनियनच्या 24 अधिकृत भाषा आहेत आणि त्यांतली एक, जर्मन, मला आता बऱ्यापैकी येते. कामावर दिवसभर तीच बोलते. तरी हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या कामाबद्दल बोलायचं आहे ते मी मराठीत शिकले. शिवाय नाशिक, पुणे, कोल्हापूरच्या आयटीआयमधून बाहेर पडून इकडे यायची तयारी करणारी मुलंमुली आहेत, त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. कौशल्यं आणि रोजगार हे विषय तुमच्याकडे आहेत आणि कौशल्यांना देशांच्या सीमा ओलांडता याव्यात यासाठीचा प्रस्ताव तुमच्या कमिशनने 2026 साठी जाहीर केलेला आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. नाशिक जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये दोन वर्षांचा ट्रेड केला, मग अप्रेंटिसशिप, आणि त्यानंतर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आठ वर्षं मेंटेनन्स. आयटीआयमध्ये सोल्डरिंग, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप हे सगळं नीट शिकवलं. पीएलसी, म्हणजे यंत्राने कधी काय करायचं हे ठरवणारा संगणक, त्याचा मात्र एकच जुना किट होता आणि सगळ्यांचे हात त्याला लागलेच नाहीत. पीएलसी मी शिकले ती कारखान्यात. लाइन बंद पडली की लॅपटॉप जोडायचा, प्रोग्राम उघडायचा, लॅडरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या शिडीसारख्या आकृतीत, कुठला कॉन्टॅक्ट उघडा राहिलाय ते बघायचं. मग वायर धरून मागे मागे जायचं, आणि शेवटी कुलंटचा थर बसलेला एखादा सेन्सर सापडायचा. दोनतीन वर्षांनी मी छोटे बदल स्वतः करायला लागले, पुढे एका नव्या कन्व्हेयरचा सगळा प्रोग्राम लिहिला. त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, आणि मागावं असं मलाही कधी सुचलं नाही.

लग्नानंतर जर्मनीत आले आणि पात्रतेच्या मान्यतेसाठी अर्ज केला. 2012 पासून इथे परदेशी व्यावसायिक पात्रता तपासून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे, ही मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी दोन वर्षं इथल्या साडेतीन वर्षांच्या आउसबिल्डुंगशेजारी, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाशेजारी, ठेवून पाहिली गेली. निकाल आला: अंशतः समतुल्य. जे कमी पडतं त्याची यादी सोबत होती, आणि त्या यादीत ऑटोमेशन होतं. आठ वर्षं जे केलं, नेमकं तेच.

तपासणाऱ्यांची यात चूक नव्हती. शिक्षणातली कमतरता अनुभवाने भरून निघू शकते असं कायदाच सांगतो. पण अनुभवाचा पुरावा म्हणून माझ्याकडे कारखान्याचं एक पत्र होतं आणि त्यात एकच वाक्य: आठ वर्षे मेंटेनन्स विभागात समाधानकारक काम केले. आपल्याकडे अनुभवाची पत्रं अशीच असतात, कुणी त्यात पीएलसीचं मॉडेल लिहीत नाही. पुरेसे कागद नसतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची सोयही जर्मन कायद्यात आहे. ती मला कळली तेव्हा निकाल येऊन चार महिने झाले होते.

मग एका कंपनीत अकरा महिने राहून कमतरता भरून काढली. तिसऱ्या आठवड्यात पॅकिंगची लाइन थांबली आणि आमच्या माइस्टरने, म्हणजे वर्कशॉपच्या प्रमुखाने, मला तिथे उभं केलं. अर्ध्या तासाच्या आत ती सुरू झाली. त्याने विचारलं, "हे तुझ्या कागदावर कुठे आहे?" त्याच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हापासून मी युरोपातल्या या सगळ्या चौकटी समजून घेते आहे. माझ्यासारखीला त्या सहज समजत नाहीत, पण वाचत गेले की उलगडतात. आणि वाचल्यावर मला जे दिसलं ते असं. युरोपने मोजपट्ट्या फार काळजीपूर्वक तयार केल्या आहेत. फक्त यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्यांतली एकही लागू पडत नाही.

सर्वसामान्य नागरिकांच्या डिजिटल क्षमतेसाठी डिजकॉम्प आहे, 2013 पासून. माहिती शोधणं आणि पारखणं, संवाद, मजकूर तयार करणं, सुरक्षितता, अडचणी सोडवणं अशी त्याची पाच क्षेत्रं. दुसऱ्या टोकाला आयटी व्यावसायिकांसाठी ई-सीएफ ही चौकट आहे. आता मला सांगा, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचे पॅरामीटर बदलणारी मुलगी यांतल्या कशात बसते? डिजकॉम्पमध्ये तिचं अर्धं काम मावत नाही, आणि ई-सीएफ तिला आपलं मानत नाही, कारण तिच्या हातात पकड आणि स्क्रूड्रायव्हरही असतो. गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, वाचणारा मेकॅनिक, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राचा सेटर, हीट पंप बसवून तो नेटवर्कला जोडणारा प्लंबर, सगळ्यांची हीच गत. एस्को नावाची तुमची कौशल्यसूची मात्र चांगली आहे. सुमारे 14 हजार कौशल्यं आणि 3 हजार व्यवसाय तिच्यात नोंदलेले आहेत, आमची कामंही त्यात सापडतात. पण त्या सूचीत कौशल्याचं नाव आहे. ते एखाद्याला येतं की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

2030 पर्यंत 16 ते 74 वयाच्या 80 टक्के लोकांना किमान मूलभूत डिजिटल कौशल्यं असावीत हे युरोपियन युनियनचं उद्दिष्ट आहे, आणि 2023 मध्ये हे प्रमाण 55-56 टक्के होतं. हा आकडा येतो कुठून ते मी शोधलं. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही इंटरनेटवर किंवा संगणकावर काय काय केलं, हे सर्वेक्षणात लोकांना विचारतात. ईमेल पाठवली का, फाइली हलवल्या का, स्प्रेडशीट वापरली का. लोक सांगतात आणि त्यावरून कौशल्य ठरतं. करून कुणी पाहत नाही. शाळकरी मुलांना प्रत्यक्ष कामं देऊन तपासलं तेव्हा काय निघालं हे तुमच्याच कमिशनने 2025 च्या कौशल्य धोरणात लिहिलं आहे: आठवीतल्या 43 टक्के मुलांची मूलभूत पातळीही पूर्ण होत नाही. विचारून मोजणं आणि करून बघणं यात किती अंतर असतं ते मेंटेनन्समधल्या कुणालाही विचारा. यंत्र ठीक आहे असं ऑपरेटर सांगतो, तरी आम्ही मीटर लावतोच.

इथे मला महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगायची आहे. 2001 मध्ये आमच्याकडे एमएस-सीआयटी नावाचा संगणक साक्षरतेचा कोर्स सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी तो मागितला जाऊ लागला आणि तालुक्या-तालुक्यात त्याची केंद्रं निघाली. माझ्या भावाने तलाठी भरतीसाठी तो केला. त्या प्रमाणपत्राचा मोठा गुण हा, की गडचिरोलीत मिळालेलं असो की सिंधुदुर्गात, समोरच्याला ते काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. युरोपभर चालेल असं डिजिटल कौशल्याचं एक प्रमाणपत्र तुम्हीही 2021 ते 2027 च्या डिजिटल शिक्षण आराखड्यात कबूल केलं आहे, आणि त्याची मी खरोखर वाट पाहते आहे. पण आमच्या अनुभवातून एक सावधगिरीही सांगते. एमएस-सीआयटी ऑफिसच्या टेबलापाशी बसणाऱ्यासाठी होती. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांनीही ती केली, पण ती त्यांच्या कामाविषयी एक शब्द बोलत नव्हती. तुमचं प्रमाणपत्र टेबलापाशीच थांबलं तर वर्कशॉपमधल्या माणसाला त्याचा उपयोग होणार नाही.

प्रत्यक्ष करून दाखवण्याचे मार्ग युरोपात नाहीत असं अजिबात नाही. फ्रान्समध्ये पिक्स नावाच्या सार्वजनिक मंचावर शाळकरी मुलांनाही कामं सोडवून डिजिटल क्षमता सिद्ध करावी लागते, आणि त्याचा पाया डिजकॉम्पच आहे. त्याच फ्रान्सने 2002 च्या कायद्याने अनुभवाच्या जोरावर पूर्ण पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग खुला केला. पोर्तुगालने शाळा अर्धवट सोडलेल्या प्रौढांच्या ज्ञानाला मान्यता देणारी केंद्रं देशभर उभी केली. जर्मनीतही जानेवारी 2025 पासून ज्यांच्याकडे त्या व्यवसायाचं औपचारिक प्रमाणपत्र नाही अशा 25 वर्षांवरच्या लोकांना, प्रशिक्षणाच्या दीडपट काळ काम केलं असेल तर, आपलं कौशल्य तपासून घेता येतं. आणि ऑगस्ट 2021 पासून इथल्या नव्या किंवा सुधारित नियमांच्या प्रत्येक आउसबिल्डुंगमध्ये डिजिटल कामकाज हा सक्तीचा भाग आहे. प्रत्येक देशाने आपल्या अंगणात चांगलं काही केलं आहे. कुंपणापलीकडे मात्र त्याची ओळख राहत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या रोमेनियाचा एक सहकारी आहे. वेल्डिंग रोबोटचा प्रोग्राम तो ज्या सफाईने दुरुस्त करतो तसा मी अजून कुणाला करताना पाहिलेलं नाही. इथे येण्याआधी बारा वर्षं तो हेच करत होता. तरी त्याच्या कागदावर "इलेक्ट्रिशियन" एवढंच आहे, आणि पगाराचा गट ठरला तो त्याच एका शब्दावर. तो युरोपियन नागरिक आहे, मी बाहेरची, आणि या बाबतीत आम्ही दोघं एकाच रांगेत उभे आहोत. युरोपियन युनियनच्या 2005 च्या निर्देशाने डॉक्टर, परिचारिका, सुईणी, दंतवैद्य, पशुवैद्य, औषधनिर्माते आणि वास्तुविशारद या सातांना देशोदेशी जवळजवळ आपोआप मान्यता मिळते. तेवढं सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. आमचे व्यवसाय देशोदेशी फार वेगळे आहेत, हे मला कळतं.

माझं मागणं त्याहून लहान आहे. युरोपास, म्हणजे शिक्षण आणि कौशल्यं मांडण्याची युरोपियन युनियनची सोय, तिच्या कागदांत व्यावसायिक प्रमाणपत्रासोबत एक पुरवणी असते. तो कोर्स केलेल्या माणसाला साधारण काय यायला हवं हे तिच्यात लिहिलेलं असतं. त्या कोर्सच्या सगळ्यांना तीच पुरवणी. तिला एक पान जोडा, ज्याचं त्याचं. माणसाने कुठलं काम कुणासमोर करून दाखवलं, कुठल्या प्रकारच्या यंत्रणेवर, कितपत स्वतंत्रपणे, हे त्यावर येऊ द्या, आणि एस्कोमधलं त्या कौशल्याचं नाव शेजारी असू द्या म्हणजे लिस्बनमध्ये लिहिलेलं ताल्लिनमध्ये वाचता येईल. डिजिटल सहीची प्रमाणपत्रं युरोपासवर आजही देता येतात. छोट्या अभ्यासक्रमांच्या मायक्रो-क्रेडेन्शियलसाठी 2022 ची शिफारस आहे. ते पान नोंदवण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना आणि खासगी क्लासेसना न देता वर्कशॉपमधल्या माइस्टरलाही द्या. त्याला परीक्षक म्हणून शिकवा, तपासा, हवं तर दर काही वर्षांनी पुन्हा तपासा. पण द्या. याच जर्मनीने आपल्या आठ पातळ्यांच्या पात्रता आराखड्यात माइस्टरला बॅचलर पदवीच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर बसवलं आहे. त्या पातळीच्या माणसाचा शब्द कागदावर चालायला हवा.

आणि बाहेरून येणाऱ्यांना या पानापासून दूर ठेवू नका. युरोपियन युनियनबाहेरच्या देशांतल्या लोकांच्या पात्रता सोप्या रीतीने मान्य कराव्यात असं कमिशनने नोव्हेंबर 2023 मध्ये सुचवलं, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. दरम्यान फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि इथलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, आणि सुरुवातीला 10,000 तरुणांची तयारी करून घेण्याचं महाराष्ट्राने ठरवलं. त्यांत इलेक्ट्रिशियन आहेत, प्लंबर आहेत, परिचारिका आहेत. ती मुलं घरदार सोडायच्या आधी, नाशिकमध्ये किंवा साताऱ्यात असतानाच, काम करून दाखवू शकली आणि त्याची नोंद इकडे धरली गेली, तर माझे गेले तसे अकरा महिने त्यांचे जाणार नाहीत. भाषा शिकायला त्यांना तो वेळ हवा आहे. भाषा खरोखरच अवघड जाते.

त्या मुलांनाही एक सांगते, पत्र तुमच्या नावाचं असलं तरी. मुलांनो, कारखाना सोडताना अनुभवाचं पत्र नीट मागून घ्या. कुठली यंत्रं, कुठला कंट्रोलर, प्रोग्राम नुसता वाचला की लिहिलाही, सगळं त्यात यायला हवं. साहेब कंटाळले तर मसुदा स्वतः लिहून सहीला ठेवा.

मला पूर्ण मान्यता मिळाली आहे आणि आता माझ्या हाताखाली चार प्रशिक्षणार्थी असतात. दर मंगळवारी सकाळी आम्ही सरावाच्या पॅनेलमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवतो. एखादी वायर सैल, एखादा पत्ता चुकीचा, कधी प्रोग्राममध्ये एकच ओळ उलटी. एकेकाने येऊन तो शोधायचा आणि काय केलं ते मला सांगायचं. कोण घाईने पार्ट बदलतो, कोण आधी प्रोग्राम वाचतो, कोण सुरक्षेचं कुलूप लावायला विसरत नाही, हे मी माझ्या वहीत लिहून ठेवते. त्या वहीतलं काहीच त्यांच्या प्रमाणपत्रावर येत नाही. प्रस्तावाचा मसुदा पक्का होण्याआधी एका मंगळवारी आमच्याकडे या, किंवा मसुदा लिहिणाऱ्यांपैकी कुणाला पाठवा. आम्ही सकाळी सातला सुरू करतो. वही मी दाखवेन.

आपली नम्र,
नाशिकची एक इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक,
सध्या मुक्काम बाडेन-व्युर्टेम्बर्ग