बेस गिटार घेताना तोलही पाहा

महोदय,

बेस गिटार घेताना लोक पिकअप (तारांचे कंपन टिपणारे चुंबकी भाग) आणि रंग पाहतात, तोल क्वचितच. पट्टा खांद्यावर घेऊन दोन्ही हात सोडा. बेसची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, जमिनीकडे झुकली, तर डावा हात स्वर दाबण्याऐवजी तिला पेलत बसेल. आधी मनगट भरून येईल, मग खांदा. पट्टा अडकवायची वरची खुंटी मानेवरच्या १२ व्या फ्रेटच्या (आडव्या धातुपट्टीच्या) आसपास असली की तोल साधतो. १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसचे वरचे शिंग (धडाचे पुढे आलेले टोक) लांब आहे, ते याचमुळे उपयोगी पडते. एसजी या दोन शिंगांच्या गिटारच्या आकाराच्या गिब्सन बेसमध्ये शिंग आखूड, खुंटी मानेच्या बुडाशी, म्हणून ती झुकते. दिसते मात्र देखणी!

आधी ३-४ इंच रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावा. तो खांद्यावर घसरत नाही. भागले नाही, तर तारा ताणायच्या जड चाव्या काढून हलक्या बसवा, पण त्या बसतात त्या भोकाचा व्यास आधी मोजा. बेसच्या बुडाला वजन बांधण्याचा सल्ला मिळतो. मान सावरते, पण भार खांद्यावरच येतो. हात लहान असल्यास ३४ ऐवजी ३० इंची स्केलची (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीची) बेस घ्या. सर्वांत खालच्या स्वराची तार थोडी सैल वाटेल, एवढेच.

— एक वाचक, पुणे